माणूस पाहिजे

गोठ्यात सगळे त्याला गवळी म्हणत. खरं तर त्याच्या घराण्यात कुणी शेळीसुद्धा पाळलेली नव्हती. तो शिकला यंत्रं दुरुस्त करायला, त्यातून धार काढायच्या यंत्रांवर लागला आणि त्या यंत्रांमागे सरकत सरकत गाईच्या कासेपर्यंत पोचला. पण परवान्यावर 'कुशल गवळी' असं छापून आलं आणि त्या दिवसापासून त्याचं नाव, गाव, ओळख सगळं तेच झालं.

परवाना मालकाच्या नावाला बांधलेला होता. इथे गवळ्यांचा तुटवडा आहे, इथली माणसं हे काम करायला तयार नाहीत, असं मालकानं सरकारला लिहून दिलं, तेव्हा कुठे गवळी बायकोला घेऊन या मुलखात आला. हा गोठा सोडून शेजारच्या गोठ्यात पाय ठेवायची त्याला मुभा नव्हती. गाय दाव्याला आणि गवळी परवान्याला. फरक एवढाच, की गाय आटली म्हणजे व्यायच्या आधी तिला महिना-दोन महिने मोकळं सोडत. गवळ्याला तसं कुणी सोडलं नव्हतं.

त्या वर्षी विणीचा हंगाम आणि थंडी दोन्ही हातात हात घालून आले. वारा पत्र्याच्या फटींतून शिरे आणि सरळ गुडघ्यात बसे. दर दोन दिवसांनी एखादी गाय अडायची. गवळी खांद्यापर्यंत हात घालून वासराचे पाय चाचपायचा, दोरी लावायचा, भिंतीला टाच देऊन ओढायचा. वासरू शेणात पडलं की त्याच्या नाकातला चिकटा पुसायचा, पेंढ्यानं अंग चोळायचा आणि तसाच उठून धारेला लागायचा. सकाळची धार उजाडायच्या आधी आणि संध्याकाळची दिवे लागायच्या वेळी. मधे शेण, पाणी, वैरण. बोटं अशी आखडायची, की सदऱ्याची बटणं बायकोला लावून द्यावी लागत. ती नवरीमुलीला सजवल्यासारखी त्याची बटणं लावी आणि वर म्हणे, "झालं. आता मांडवात जा."

अशाच एका सकाळी मालक गोठ्यात आला. मालक गोठ्यात आला म्हणजे दारात उभा राहिला. आत यायला त्याच्या बुटांना आवडत नसे.

"तुझ्या परवान्याची मुदत संपत आलीय," तो म्हणाला.

"हो, मालक."

"तो वाढवायचा तर मला आधी जाहिरात लावावी लागते. माणूस पाहिजे म्हणून. इथलं कुणी आलं नाही, की मग तुझं वाढवून मिळतं. नियमच आहे तसा."

"मागेही तुम्ही लावली होती ना?"

"लावली होती. कुणी आलं नव्हतं." मालकानं हातमोजा काढला आणि परत घातला. "या वेळी एक जण आलाय. तो लांब्या. ओढ्यापलीकडे ज्याचा गोठा होता ना, बंद पडलेला, तो."

लांब्याला त्यानं रस्त्यानं जाताना पाहिलं होतं. ताडमाड उंच, वाकून चालणारा माणूस.

"एक दिवस कामावर घेऊन बघतो म्हटलं त्याला," मालक म्हणाला. "उद्या येईल. तू काम दाखव. असं दाखव, की परवा यायला नको. काय समजलास?"

"मी काय दाखवणार, मालक? काम आहे तेच आहे."

"ती लाथाडी आहे ना तुझी? दे त्याच्या हाती." मालक हसला. "मी काही सांगितलेलं नाही हां. तुझी बायकापोरं, तुझा परवाना. तुझं तू बघ."

लाथाडी ही म्हातारी, पांढऱ्या तोंडाची गाय. तिला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. डावीकडून कुणी गुपचूप गेलं की ती बघायची नाही, थांबायची नाही, सरळ लाथ झाडायची. आधीच्या एका गड्याची मांडी तिनं मोडली होती. गवळ्यानं तिचं मर्म ओळखलं होतं. उजवीकडून जायचं, पाठीवर हात ठेवायचा, मग खाली बसायचं. तशी ती गरीब होती. मालकाला मात्र ती लाथ मारते एवढंच ठाऊक होतं.

गोठ्याच्या मागच्या अंगाला, दुधाच्या टाकीला लागून त्यांची खोली होती. टाकीचं यंत्र दिवसरात्र घुमे, त्यामुळे घरात सगळे थोडं ओरडूनच बोलत. खोली मालकाची, पलंग मालकाचा, खिडकीची फुटकी काचसुद्धा मालकाची, म्हणून ती बदलायची गवळ्याची टाप नव्हती. त्यानं तिथे पुठ्ठा लावला होता. बायको गोठ्यातल्या वासरांना बाटलीनं चीक पाजायची, बादल्या घासायची. परवान्यात तिला काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे ते काम नव्हतंच. "घरी बसून कंटाळतेस, जरा हात लाव," असं मालक म्हणाला होता, त्याला आता पोरगी शाळेत जाण्याइतकी वर्षं झाली.

त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

"आणि मांडीऐवजी डोकं फुटलं तर?" ती म्हणाली.

"मग काय करू? तो कामाला लागला तर आपल्याला इथून जावं लागेल. तिकडे काय आहे आपलं? आपली खोली दादानं दुसऱ्याला भाड्यानं दिली. चिमीला तर तिकडचं काही ठाऊकच नाही."

चिमी पलंगावर पालथी पडून चित्र काढत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "बाबा, तिकडे शाळेत माझी मैत्रीण पण येईल?"

बायको बादलीतलं पाणी फेकायला बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी लांब्या आला तो वेळेच्या आधी. दारातून आत येताना त्यानं सवयीनं मान वाकवली. या दाराला त्याची गरज नव्हती, पण स्वतःच्या गोठ्याच्या बुटक्या दारानं त्याच्या मानेला ती खोड लावली असणार. गवळ्यानं त्याला आधी शेण ओढायला लावलं, मग गोठलेल्या नळावर गरम पाणी टाकायला, मग अडलेल्या कालवडीची दोरी धरायला. लांब्या धापा टाकत होता, वय झालं होतं, पण हात चुकत नव्हते. वासरू बाहेर आलं तेव्हा त्यानं आपणहून पेंढा उचलला आणि त्याची पाठ चोळायला घेतली. गवळी ते बघत राहिला आणि त्याला स्वतःची चीड आली.

लाथाडी एरवी दावणीच्या मधोमध असे. त्या दिवशी गवळ्यानं तिला कडेला बांधली होती, उजवी बाजू भिंतीला. जो जाईल त्याला डावीकडूनच जावं लागेल. हे त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं. कुणी हात धरून करवून घेतलं नव्हतं.

"तेवढी शेवटची घे," तो म्हणाला. आवाज आपला नसल्यासारखा निघाला.

लांब्या सडांना लावायचे यंत्राचे पेले घेऊन निघाला. गवळ्याच्या तोंडात शब्द आले होते. थांब, हाक दे, पाठीवर हात ठेव. पण तो गव्हाणीतली वैरण सारखी करू लागला. सारखी असलेली वैरण त्यानं पुन्हा सारखी केली.

"काय गं म्हातारे," लांब्याचा आवाज आला. "इथे आलीस होय तू?"

गाईनं कान फिरवला. शेपटी एकदा हलली. मग तिनं लांब श्वास सोडला आणि मागचा पाय किंचित बाजूला घेतला, खाली बसणाऱ्याला जागा करून द्यावी तसा. लांब्यानं कपाळ तिच्या पोटाला टेकलं आणि कासेवर हात फिरवला. तिनं लगेच पान्हा सोडला. गवळ्यासाठी इतक्या लवकर तिनं कधी सोडला नव्हता.

"माझ्याच गोठ्यात जन्मली ही," लांब्या तिथूनच म्हणाला. "जन्मतःच तोंड पांढरं, म्हणून म्हातारी. डोळा माझ्यामुळे गेला हिचा. कुंपणाची तार ओढत होतो, निसटली. गोठा मोडला तेव्हा लिलावात गेली. कुठे गेली ते कळलंच नव्हतं."

गवळ्यानं हातातली वैरण खाली टाकली.

"तू मला सांगितलं नाहीस," लांब्या म्हणाला. "डोळ्याचं."

"नाही."

"मालकानं सांगितलं होतं, सांगू नको म्हणून?"

"मालकानं एवढंही सांगितलं नव्हतं," गवळी म्हणाला. "मीच समजून घेतलं."

लांब्या उठला. तो ओरडेल, निदान एक शिवी घालेल असं गवळ्याला वाटलं. घातली असती तर बरं वाटलं असतं. लांब्यानं पेले धुतले, उलटे टांगले आणि हात पुसत विचारलं, "सुट्टी कधी असते इथे?"

गवळ्याला एकदम हसू फुटलं. आवरेना. हसता हसता तो ठसकला.

"हसतोस काय? आठवड्याची सुट्टी विचारतोय मी."

"गाईंना सुट्टी नसते, असं मालक म्हणतात."

"गाईंना नसते. माणसाला असते. म्हणून दोन माणसं ठेवायची. एवढ्या गाईंना माझ्या बापानं दोन ठेवली असती, वर हंगामाला तिसरा." लांब्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू एकटा करतोस हे सगळं?"

"बायको असते मदतीला."

"मागच्या वेळी मी आलो होतो रे. जाहिरात वाचून आलो होतो. यानं मला दारातूनच हाकललं, म्हणाला जागा भरली. आणि सरकारला लिहून दिलं, कुणी आलंच नाही." लांब्याचा आवाज चढला होता. लाथाडीनं कान टवकारले. "गावात सगळे म्हणतात, बाहेरच्यांनी येऊन आपली कामं खाल्ली. मीही म्हणायचो. तुला रस्त्यात पाहिलं की तोंड फिरवायचो."

"माहीत आहे."

"आणि तू इथे जनावरासारखा राबतोयस."

"जनावरासारखा नाही," गवळी म्हणाला. "जनावर आटलं की सोडतात."

त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मालकाला माणूस मिळत नव्हता असं नव्हतंच. मिळत होता. पण तो सुट्टी मागत होता, जोडीला माणूस मागत होता, आणि नाही दिलं तर डोक्यावर टोपी चढवून घरी जाऊ शकत होता. मालकाला घरी जाऊ न शकणारा माणूस हवा होता. तुटवडा होता तो त्याचा. एवढी साधी गोष्ट कळायला आपल्याला इतकी वर्षं लागली, याचाच त्याला जास्त संताप आला.

जाहिरातीला इथला माणूस आला म्हणून आठवडाभरात तपासणी ठरली. सरकारी बाई स्वतः येऊन मालकाशी, लांब्याशी आणि गवळ्याशी बोलणार होत्या. मालकाची धांदल उडाली. खिडकीला काच बसली. खोलीत हीटर आला. गोठ्यात मालकानं स्वतः पाऊल टाकलं, बूट बघत बघत.

"हे बघ, मी डोकं चालवलंय," तो गवळ्याला म्हणाला. "लांब्याला काम येतं, तर येऊ दे. मी त्याला बाईंसमोर जागा देऊ करणार. तो सुट्टीवरून वाद घालणार, जोडीदार मागणार. मी म्हणणार, आमच्याकडे आठवड्याची सुट्टी आहेच, पण ह्याला अजून पाहिजे. माणूस आडमुठा आहे. मग बाई तुला विचारतील, सुट्टी मिळते का. तू काय म्हणशील?"

गवळ्यानं पायातली बादली उचलून बाजूला ठेवली.

"मिळते, म्हणशील. रविवारी. झालं. इथला माणूस तयार नाही असं ठरलं, तुझा परवाना वाढला. सगळं तुझ्यासाठीच चाललंय रे बाबा." त्यानं गवळ्याच्या खांद्यावर थाप मारली आणि मग हात रुमालाला पुसला.

घरी बायको हीटरसमोर चिमीचे मोजे वाळवत होती. काचेतून पहिल्यांदाच बाहेरचं दिसत होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काय करू सांग," तो म्हणाला.

"मी काय सांगू? हो म्हणालात तर राहू, नाही म्हणालात तर जाऊ. दोन्हीकडे मी आहेच." तिनं मोजा उलटा केला. "फक्त रविवारी म्हणू नका. चिमी झाली तो रविवार होता."

त्या दिवसाचा विषय दोघंही कधी काढत नसत. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा संध्याकाळची धार तोंडावर आली होती. मालक म्हणाला होता, बाळंतपण बायका करतात, तुझं तिथे काय काम? दुधाचा टँकर शहराकडे निघाला होता. गवळ्यानं तिला त्यात चढवून दिलं होतं, चालकाच्या शेजारी, उशीला पेंढ्याचं पोतं देऊन. पोरीचं तोंड आधी पाहिलं ते टँकरवाल्यानं. दुसऱ्या दिवशी दूध न्यायला आल्यावर त्यानंच गवळ्याला सांगितलं, नाक तुझ्यावर गेलंय. गवळी तेव्हा हसला होता, लाज वाटू नये म्हणून.

बाई आल्या त्या दिवशी वारा पडला होता. टाकीच्या खोलीत मालकानं खुर्च्या मांडल्या होत्या. लांब्या खुर्चीवर न बसता भिंतीला टेकला. गवळी दाराशी उभा राहिला. बाई मध्यमवयीन, सर्दीनं बेजार झालेल्या, आवाजानं मऊ होत्या. मालक बोलला तसंच सगळं घडत गेलं. त्यानं लांब्याला जागा देऊ केली. लांब्यानं आठवड्याची सुट्टी आणि जोडीदार मागितला. मालकानं बाईंकडे बघून खांदे उडवले.

"सुट्टी आहे हो आमच्याकडे! यांना काम नको, निमित्त पाहिजे. म्हणून तर मला इतक्या लांबून माणूस आणावा लागतो."

"खोटं बोलतोय हा," लांब्या म्हणाला.

"या गृहस्थांना विचारा ना," मालक म्हणाला. गवळ्याला आजवर त्यानं गृहस्थ म्हटलं नव्हतं.

बाई वळल्या. "तुम्ही सांगा. तुम्हाला आठवड्याची सुट्टी मिळते?"

टाकीचं यंत्र घुमत होतं. गवळ्यानं मालकाकडे पाहिलं. मालक हलकेच मान हलवत होता, वासराला बाटलीकडे बोलवावं तसा. गवळ्याला चिमीची शाळा दिसली, तिची मैत्रीण दिसली, नवी काच दिसली. आणि पेंढ्याच्या पोत्याला टेकून टँकरमध्ये बसलेली बायको दिसली.

"नाही," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला, यंत्राचा आवाज आहे."

"नाही!" गवळी ओरडला. "आलो त्या दिवसापासून एकही नाही. माझी मुलगी झाली तेव्हासुद्धा मी इथेच धार काढत होतो. माझी बायको इथे राबते आणि ती राबते असं कुठेही लिहिलेलं नाही. हा माणूस मागच्या वेळीही आला होता, ह्याला हाकलून दिलं. आणि या वेळी ह्याला लाथ बसावी म्हणून गाय मी हलवून बांधली. मी! इथे माणसांचा तुटवडा नाही, बाई. मालकाला माणूस नकोच आहे."

बाईंनी नाक पुसलं. मग म्हणाल्या, "तुमच्या परवान्याचं यात काय होईल, कळतंय ना तुम्हाला? मला दुसरं काही करता येईल असं नाही."

"कळतंय," गवळी म्हणाला.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मालक गप्प होता. मग त्याचा तोल सुटला. "कृतघ्न! तुला इथे आणला कुणी? छप्पर दिलं कुणी? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास, आता बस बोंबलत! आजच्या आज खोली खाली कर!" तो खोलीत गेला आणि हीटरची वायर ओढून हीटर उचलून घेऊन गेला. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "संध्याकाळची धार काढ आणि मग जा."

गवळ्यानं अंगातला रबरी एप्रन उतरवला आणि त्याच्या हातातल्या हीटरवर ठेवला.

"नाही काढणार? बघतोच," मालक म्हणाला. "ओळखतो मी तुला. गाई ओरडायला लागल्या ना, की धावत येशील."

सामान भरायला फार वेळ लागला नाही. लांब्या आपली जुनी गाडी घेऊन आला, काही न बोलता पेट्या उचलू लागला. जाईपर्यंत माझ्याकडे राहा, खोल्या रिकाम्याच आहेत, एवढंच म्हणाला. चिमी नव्या काचेवर नाक चेपून बाहेर बघत उभी होती.

दिवे लागायची वेळ झाली आणि पहिली गाय हंबरली. मग दुसरी. कास भरली की गाय कशी ओरडते ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. गवळ्याची बोटं आपोआप वळू लागली. त्यानं हात काखेत दाबून धरले. लांब्या गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. कळपातून एक जाड, फाटका आवाज वर आला आणि लांब्याचा चेहरा पिळवटला. म्हातारी होती ती.

मालक गोठ्याच्या दारात आला. एप्रन त्याच्या हातात होता. या वेळी त्याच्या आवाजात आधीची धग नव्हती.

"येतोस का रे?" तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "दोघांनीही या वाटल्यास. आजच्यापुरतं."

गवळ्याचा एक पाय पुढे पडलाच होता. बायकोनं त्याचा दंड धरला. तिनं मालकाशी आजवर मान वर करून एक वाक्य बोललेलं नव्हतं.

"जाहिरात लावा ना, मालक," ती म्हणाली. "माणूस पाहिजे म्हणून."

मालक तसाच उभा राहिला. आतून हंबरण्याचा नुसता कल्लोळ चालला होता. शेवटी त्यानं एप्रन डोक्यातून घातला, उलटा, बंद पुढे आले. ते मागे बांधायचे की पुढे, हे त्याला कळेना. तसाच तो वळला आणि बूट न बघता आत शिरला.

गाडी सुरू झाली. फाटकाशी पोचली तेव्हा गवळी म्हणाला, "थांबव." लांब्यानं थांबवली. गवळी खाली उतरला, गोठ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि घसा फाडून ओरडला.

"मालक! पांढऱ्या तोंडाच्या गाईपाशी उजवीकडून जा! डाव्या डोळ्यानं दिसत नाही तिला!"